विश्वाच्या फेऱ्या आणि टीव्हीवरच्या मुंग्या

गच्चीवरचा
रविवार, रात्री ९:४०

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फॉरवर्ड आला. 'महास्फोटाच्या आधीही विश्व होतं, त्याच्या खुणा आकाशात सापडल्या, शोधणाऱ्या पेनरोजना नोबेल, आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्याने 'ओके' मारलेला माल परत मोजायचा, याचाच पगार मिळतो. त्यामुळे माझे हात काही जोडले जाईनात. तीन-चार रविवार वाचत बसलो, पुतण्याला कामाला लावलं, आणि जे हाती लागलं ते इथे टाकतोय. मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही. चुकलो तर जाणकारांनी कान धरावेत.

फॉरवर्डमधलं एक वाक्य तर बघताक्षणी रिजेक्ट. रॉजर पेनरोज यांना २०२० साली नोबेल मिळालं हे खरं, पण ते कृष्णविवरांसाठी. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून कृष्णविवरं अटळपणे निघतात हे त्यांनी गणिताने दाखवलं, त्याबद्दल. विश्वाच्या फेऱ्यांची कल्पना त्यांचीही आहे, पण तिच्यासाठी कुणी त्यांना काही दिलेलं नाही.

आता खुणांकडे. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं असताना इतकं निवलं, की इलेक्ट्रॉन-प्रोटॉन जोडले जाऊन हायड्रोजन झाला आणि तोवर दाट धुक्यात अडखळणारा प्रकाश एकदम मोकळा सुटला. तोच प्रकाश १३८० कोटी वर्षांनी आज आपल्यापर्यंत येतोय, फक्त ताणला जाऊन त्याच्या मायक्रोवेव्ह लहरी झाल्यात. त्यालाच कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, थोडक्यात सीएमबी म्हणतात. तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० सेल्सिअस. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात ही खरखर शिरली, तेव्हा त्यांनी आधी कबुतरांना हाकललं आणि त्यांची घाण खरवडून काढली. खरखर गेली नाही, आणि १९७८ ला नोबेल आलं. (आमच्या विंगमध्येही कबुतरं आहेत. नोबेलचं चिन्ह नाही.) जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या दिसायच्या ना, त्यातली शंभरातली एखादी मुंगी या प्रकाशाची.

हा प्रकाश सगळीकडून जवळपास सारखा येतो. 'जवळपास' महत्त्वाचं. १९९२ मध्ये कोबी उपग्रहाने दाखवलं की त्यात लाखात एक भाग इतका कमीजास्तपणा आहे. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी त्याचे बारीक नकाशे केले. त्या निळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या नकाशात पुढे झालेल्या दीर्घिकांची बीजं आहेत, आणि कुणी म्हणतं तसं आधीच्या फेरीचे ठसेही.

पेनरोज यांच्या मते विश्व परत आकसत नाही. ते पसरतच राहतं, शेवटी कृष्णविवरंसुद्धा विरून जातात आणि उरतो फक्त प्रकाश. प्रकाशाला ना घड्याळ ना फूटपट्टी. मोजायलाच काही नसेल तर अतिप्रचंड आणि अतिसूक्ष्म यात फरक काय? तिथून पुढचा महास्फोट, पुढची फेरी. आधीच्या फेरीत दोन महाकाय कृष्णविवरं आदळली असतील तर त्या धक्क्याची लहर आपल्या सीएमबीत वर्तुळ म्हणून दिसावी, असा त्यांचा दावा. नोव्हेंबर २०१० मध्ये गुरझादियान आणि पेनरोज यांनी जाहीर केलं की अशी एकात एक वर्तुळं डब्ल्यूमॅपच्या नकाशात आहेत. वर्तुळं म्हणजे त्या कड्यावर तापमानाचा चढउतार नेहमीपेक्षा कमी. खात्री किती? सहा सिग्मापर्यंत, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता जवळजवळ नाही.

सिक्स सिग्मा हा शब्द आमच्याकडे भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो, त्यामुळे मी जरा सावध झालो. सिग्मा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. इथे तुलना कशाशी? महिन्याभरात तीन वेगवेगळ्या गटांनी तेच विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: वर्तुळं आहेत, पण संगणकावर नेहमीच्या महास्फोटाच्या गणिताने खोटी आकाशं तयार केली की त्यांतही तेवढीच वर्तुळं निघतात. आकाशातले ठिपके एकमेकांपासून अगदी सुटे नसतात, शेजारच्या ठिपक्यांशी त्यांचं नातं असतं. ते नातं तुलनेच्या आकाशात धरलंच नाही, तर खरं आकाश विचित्र वाटणारच.

प्लँकचे नकाशे फुकट उतरवता येतात. पुतण्याने पायथनमध्ये पन्नास खोटी आकाशं करून दिली. मला त्यांत वर्तुळं सापडली. मग हौस म्हणून समभुज त्रिकोण शोधले. तेही सापडले!

तर विचारायचं हे: वर्तुळं गेली म्हणजे चक्रीय विश्व नापास, की फक्त ती एक तपासणी नापास?


पिंपळपार
रविवार, रात्री १०:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली).

बाकी नाशिककराला चक्रीय विश्व नवीन नाही. दर बारा वर्षांनी रस्ते खणले जातात, सिंहस्थ होतो, सगळं विस्तारतं, मग आकसतं, आणि पुढच्या वेळी आधीच्या फेरीची एकही खूण सापडत नाही. सध्या माझ्या घरासमोर महास्फोटाची तयारी चालू आहे.


अनुजा_सिडको
रविवार, रात्री १०:३१

छान लिहिलंय. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलं दरवर्षी हमखास एक प्रश्न विचारतात आणि मी दरवर्षी थोडी अडखळते. हा प्रकाश महास्फोटातून निघाला, तर तो आपल्याला मागे टाकून केव्हाच पुढे निघून गेला असेल ना? आज तो येतोय कुठून? आणि महास्फोट नेमका कुठल्या दिशेला झाला?


सिन्नरफाटा
सोमवार, सकाळी ७:५०

अनुजाताई, मुलांना रामकुंडावर उभं करा. (मनातल्या मनात. सिंहस्थात खरोखर नको.) समजा पंचवटीपासून पार गंगापूर धरणापर्यंत माणसंच माणसं आहेत आणि सगळ्यांनी एकाच क्षणी, एकदाच 'गोदामाई की जय' म्हटलं. तुम्हाला आधी शेजारच्याचा आवाज येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा सेकंदांनी तुमच्या कानावर पडेल तो ३.४ किलोमीटरवरच्या माणसांचा जयजयकार, चहूबाजूंनी. ती माणसं तुमच्याभोवतीच्या एका कड्यावर उभी. अजून दहा सेकंदांनी त्याहून लांबचं कडं. घोषणा कुठे झाली? सगळीकडे. सीएमबी तसाच आहे. आपण उभे आहोत तिथूनही तो निघाला होता, तो भाग केव्हाच पुढे गेला. आज ऐकू येतोय तो फार लांबच्या कड्याचा.

मी पुण्यात पीएचडी करते. माझा विषय पल्सार, सीएमबी नाही, पण शेजारच्या टेबलावर सीएमबीवाले बसतात आणि चहाला दुसरा विषय नसतो. गच्चीवरचा, तुमच्या प्रश्नाला मोठं उत्तर लागेल. संध्याकाळी बसमध्ये लिहिते.


त्र्यंबकराव
सोमवार, सकाळी ११:१५

धागा आवडला, सूर थोडा टोचला. मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं. ४३,२०,००० वर्षांचं एक महायुग, अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षं. त्याला कल्प म्हणतात. तितकीच रात्र. ज्या काळी जगात बाकी लोक काही हजार वर्षांत सृष्टी आटोपत होते तेव्हा कोट्यवधी वर्षांत विचार करणं ही लहान गोष्ट नव्हे. तेवढं मानून हात जोडणाऱ्याला हसू नये.

मात्र ज्यांनी फॉरवर्ड लिहिला त्यांना पुराणही माहीत नाही, हे खरं. पुराणात आकाशातल्या वर्तुळांचा उल्लेख नाही, आणि ४३२ कोटी हा आकडा यातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाच्या फेरीशी जुळत नाही. जुळवायचा अट्टहासही नको.

पिंपळपार, सिंहस्थ काटेकोर बारा वर्षांनी येत नाही हो. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची. फरक साचत जातो आणि केव्हातरी एक वर्ष कमी करावं लागतं. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्येच झाला तो त्यामुळेच. चक्र आलं म्हणजे जागेवर परत आलो असं नसतं.


गच्चीवरचा
सोमवार, दुपारी १:२०

सर, सूर चुकला, मान्य. हसायचं होतं फॉरवर्ड ढकलणाऱ्यांना, हात जोडणाऱ्यांना नाही. दुरुस्ती करू शकत नाही कारण धागा संपादित करायची वेळ गेली.


द्राक्षबाग
सोमवार, रात्री ८:४५

मी निफाड तालुक्यातला. शास्त्र बारावीपर्यंत. गच्चीवरचा साहेबांनी लिहिलेलं दोनदा वाचलं, समजलं.

सर म्हणतात ते चक्राचं मला रोज दिसतं. आमची बाग दरवर्षी तीच. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग घड, मग काढणी, परत एप्रिल. बाहेरच्याला वाटेल चाकच फिरतंय. पण बोअरचं पाणी देऊन देऊन जमिनीत क्षार साचत जातात. वीस वर्षांपूर्वीचा एप्रिल आणि आजचा एप्रिल एक नाही. माती तपासली की कळतं कितवी फेरी आहे.

विश्व फेऱ्या मारत असेल तर त्यात असं काही साचत नाही का?


सिन्नरफाटा
सोमवार, रात्री ९:३०

दादा, तुम्ही १९३४ चा आक्षेप मांडलात! रिचर्ड टोलमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने चक्रीय विश्वाची कोंडी नेमकी याच मुद्द्यावर केली. क्षाराच्या जागी एन्ट्रॉपी ठेवा. तारे जळतात, उष्णता विखुरते, पसारा वाढतो, आणि हा पसारा आपोआप कमी होत नाही. दर फेरीत तो साचत गेला तर दर फेरी आधीपेक्षा लांब होत जाते. मागे मागे जावं तर फेऱ्या लहान लहान होत एका सुरुवातीपाशी येतात. म्हणजे सुरुवात टाळायला चक्र आणलं आणि सुरुवात दारात उभीच.

२००२ मध्ये पॉल स्टाइनहार्ट आणि नील टुरॉक यांनी यावर तोड काढली. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी क्षार धुतले नाहीत, बाग वाढवली. प्रत्येक फेरीत अवकाश इतकं प्रचंड पसरतं की आधीचा सगळा पसारा पातळ होऊन जातो. एकूण क्षार वाढलेलेच, पण एकरी बघाल तर नाहीच्या बरोबर. मग आकुंचन सुरू होतं तेव्हा आपल्या वाट्याच्या तुकड्यात जवळपास कोरी जमीन असते. त्यांच्या हिशोबात एक फेरी लाख कोटी वर्षांच्या घरात जाते. मूळ रूपात दोन पडदे, म्हणजे आपलं त्रिमितीय जग आणि त्याच्या शेजारचं दुसरं, ठरावीक काळाने एकमेकांवर आपटतात आणि ती आपट म्हणजे महास्फोट. अलीकडे अ‍ॅना इजास आणि स्टाइनहार्ट पडद्यांशिवायही ते मांडतात.


द्राक्षबाग
सोमवार, रात्री ९:४१

एकरी हिशोब पटला. पण बाग वाढवायला जमीन कुणाची घेतली ते विचारा त्यांना.


शंकासुर
सोमवार, रात्री ११:५८

हाच माझा मुद्दा. वर्तुळं सापडली नाहीत की दुसरं काहीतरी. पेनरोजच्या गटाने २०१८ मध्ये परत जाहीर केलं की आता वर्तुळं नाही, 'हॉकिंग बिंदू' सापडले: आधीच्या फेरीतली कृष्णविवरं विरताना सुटलेली ऊर्जा, आपल्या आकाशात पूर्ण चंद्राच्या आठपट रुंदीचे उबदार ठिपके. २०२० मध्ये डिलन जो आणि डग्लस स्कॉट यांनी तपासून सांगितलं, की कुठे आणि केवढा ठिपका शोधायचा हे आधी ठरवलेलं नसेल तर असा एखादा ठिपका मिळणारच. भोपळ्यात गणपती दिसतो तसं. डब्ल्यूमॅपच्या नकाशात तर 'एस' आणि 'एच' ही स्टीफन हॉकिंग यांची आद्याक्षरंही दिसतात. ते त्या उपग्रहाच्या चमूनेच दाखवून दिलं होतं, लोकांना सावध करायला. मग काय, हॉकिंगनी विश्वावर सही केली?

जे कधीच नापास होऊ शकत नाही त्याला विज्ञान म्हणू नये. आणि हे मी फुगवट्याच्या, म्हणजे विश्व अगदी सुरुवातीला क्षणात प्रचंड फुगलं असं सांगणाऱ्या इन्फ्लेशनच्या सिद्धांतालाही म्हणतो. तिथेही कुठलाही आकडा आला तरी कुणीतरी त्यात बसणारं मॉडेल काढून देतोच.


त्र्यंबकराव
मंगळवार, सकाळी ६:३०

शंकासुर, आधी ठरवून तपासणं म्हणजे काय याचा धडा आपल्याच माणसाने दिलेला आहे. डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या आणि ओळखायला सांगायचं. चाळीसपैकी निदान अठ्ठावीस बरोबर आल्या तर मानू, हे पत्रिका पाठवण्याआधी जाहीर केलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी इतकंच. अठ्ठावीसचा आकडा नंतर ठरवला असता तर आजही वाद चालू राहिला असता.

मी स्वतः पत्रिका बघतो. त्या दिवशी वाईट वाटलं होतं. पण चाचणीत खोट काढता आली नाही.


पिंपळपार
मंगळवार, सकाळी ८:१०

सर, दंडवत.


सिन्नरफाटा
मंगळवार, रात्री ९:१५

बस चाकणला अडकली आहे, त्यामुळे निवांत लिहिते.

शंकासुर, तुमचा राग रास्त आहे पण सगळ्यांवर एकदम काढू नका. 'चक्रीय विश्व' हे एक मॉडेल नाही. पेनरोजचं वेगळं, स्टाइनहार्ट-टुरॉकचं वेगळं, आणि नारळीकरांचा विषय निघालाच आहे म्हणून, त्यांचंही वेगळं. प्रत्येकाची परीक्षा वेगळ्या पेपरवर होते.

ठिपक्यांच्या आकारमानाचा आलेख हा पहिला पेपर. नकाशात साधारण एक अंशाचे, म्हणजे चंद्राच्या दुप्पट रुंदीचे ठिपके सगळ्यात ठळक असतात, मग त्याहून लहान मापांवर आणखी शिखरं येतात. कोवळ्या विश्वातल्या तप्त वायूत उठलेल्या ध्वनिलहरींच्या त्या खुणा. या पेपरात नारळीकर, हॉइल आणि बरबिज यांचं १९९३ चं मॉडेल अडचणीत आलं. त्यात महास्फोट नाही. विश्व दीर्घकाळ पसरत जातं आणि त्यावर सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलनं. सीएमबी म्हणजे जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश, केसासारख्या बारीक लोखंडी सुयांनी शोषून परत सोडलेला. हे प्रामाणिक काम होतं आणि त्यांनी २००३ मध्ये ठिपक्यांच्या आलेखाशी ते ताडूनही पाहिलं. पण महास्फोटाच्या गणितातून शिखरांच्या जागा आणि उंच्या थोडक्या आकड्यांतून आपोआप निघतात. तसं तिथे होत नाही. बहुतेकांनी ते सोडलं. नारळीकर सरांनी नाही. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दिवसभर याच विषयावर वाद चालला होता, आणि मला वाटतं त्यांना तो आवडला असता. आणखी एक गंमत: २००३ च्या त्या लेखात त्यांच्यासोबत आमिर हाजियान हे नाव आहे. २०१० मध्ये पेनरोजची वर्तुळं ज्या तिघा गटांनी तपासली त्यांतलं एक काम याच हाजियानचं.

स्टाइनहार्टचं मॉडेल मात्र या पेपरात सहज पास होतं, फुगवट्याइतकंच. लहान आणि मोठ्या ठिपक्यांच्या जोरातला किंचित उतार प्लँकने ०.९६५ मोजला (१ म्हणजे उतारच नाही), तो दोघांनाही जमतो. म्हणजे या पेपरवरून दोघांत निवड होत नाही.

निवड होते गुरुत्वीय लहरींवर. फुगवटा खरा असेल तर क्षणाच्या अत्यल्प भागात अवकाश इतकं भयंकर ताणलं गेलं, की खुद्द अवकाशात लहरी उठल्या आणि त्यांनी सीएमबीच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्या प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतात त्यात, पीळ पाडला. त्याला बी-मोड म्हणतात. स्टाइनहार्ट-टुरॉक यांच्या विश्वात ठिपके संथ आकुंचनात तयार होतात, तिथे अवकाशाला असा हिसका बसतच नाही. त्यामुळे सीएमबीत दिसण्याजोगा पीळ नाही म्हणजे नाही. हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. 'पीळ सापडला तर आमचं मॉडेल गेलं,' असं.

आणि एकदा ते गेलंही होतं! १७ मार्च २०१४, दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने पीळ सापडल्याचं जाहीर केलं. हॉकिंग यांनी टुरॉकशी पैज लावली होती, ती जिंकल्याचं त्यांनी बीबीसीवर सांगूनही टाकलं. टुरॉक मात्र मोजमापावर शंका घेत राहिले. पुढच्या वर्षी प्लँकचे आकडे सोबत ठेवून पाहिलं तर त्या पिळात आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा मोठा वाटा. धूळही ध्रुवीकरण करते. ती वजा केल्यावर दावा उरला नाही. २०२१ मध्ये त्याच ठिकाणच्या पुढच्या मोजणीने या लहरींच्या जोराची (ठिपक्यांच्या जोराच्या तुलनेत) वरची मर्यादा ०.०३६ वर आणली. आधीचा दावा ०.२ होता.


गच्चीवरचा
मंगळवार, रात्री १०:२०

आता कळलं! हे आमचं गो-नोगो गेज आहे. भोकाचा व्यास तपासायला एक दांडा असतो. 'गो' टोक आत गेलंच पाहिजे, 'नोगो' टोक आत जाता कामा नये. पीळ सापडणं म्हणजे स्टाइनहार्टच्या भोकात नोगो शिरणं. पार्ट भंगारात, चर्चा नाही.

पण उलट बाजू विसरायची नाही. नोगो आत गेलं नाही म्हणजे पार्ट चांगला, असं नवा पोरगा म्हणतो. भोक वाकडं असू शकतं, खोली कमी असू शकते. पीळ सापडत नाही म्हणून विश्व फेऱ्या मारतंय, हा पुढचा फॉरवर्ड असणार. लिहून ठेवा.


सिन्नरफाटा
मंगळवार, रात्री १०:४४

अगदी. कारण फुगवट्याच्या काही मॉडेलांतही पीळ फार थोडा असतो. स्टारोबिन्स्की यांच्या मॉडेलात ०.००३-०.००४ च्या आसपास. चिलीच्या अटाकामा वाळवंटातली सायमन्स वेधशाळा आणि जपानचा नियोजित लाइटबर्ड उपग्रह तिथवर पोचायचा प्रयत्न करतील. तिथे ०.००४ सापडलं तर स्टाइनहार्ट बाद. तिथेही शून्य आलं तर फुगवट्याची आवडती मॉडेलं बाद, पण शंकासुर म्हणतात तसं कुणीतरी नवं काढेलच.

अजून एक गेज आहे जे क्वालिटीवाल्यांना आवडेल. ठिपक्यांचं तापमान मांडलं तर घंटेसारखा आलेख येतो. चक्रीय मॉडेलांच्या पहिल्या पिढीत ही घंटा एका बाजूला किंचित कललेली निघत होती. हा कल मोजणारा आकडा प्लँकने उणे ०.९ दिला, अधिक-उणे ५.१ च्या फरकाने, म्हणजे शून्याशी जुळणारा. त्यात काही मॉडेलं मेली. काहींनी गणित बदलून कल कमी केला आणि जगली. हो शंकासुर, हे ठिगळच. पण ठिगळ कुठे आणि का लावलं ते उघड लिहिलेलं आहे.


पिंपळपार
बुधवार, सकाळी ९:००

पुण्याला जाताना नारायणगावच्या पुढे एवढ्या मोठ्या डिश आहेत. दक्षिण ध्रुवावर कशाला कुडकुडायचं? खोडदला बसा, मिसळ खा, पीळ शोधा.


सिन्नरफाटा
बुधवार, सकाळी ९:३५

त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटरच्या ३० डिश. माझं सगळं काम त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. पण त्या लांब लहरींसाठी आहेत, एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. म्हणून तर पृष्ठभाग तारांच्या जाळीचा चालतो. सीएमबी सगळ्यात तेजस्वी असतो १६० गिगाहर्ट्झला, लहर दोन मिलिमीटरच्या आसपास. त्या जाळीतून ती सरळ निघून जाईल. शिवाय हवेतली वाफ या लहरी गिळते आणि स्वतःही चमकते. पावसाळ्यातल्या सिन्नर घाटातून सीएमबी बघायचा म्हणजे आंघोळीच्या वाफेतून आरसा बघण्यासारखं. म्हणून कोरडा ध्रुव, कोरडं अटाकामा, नाहीतर थेट अवकाश. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी सीएमबी-भारत नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोला दिलेला आहे, तरुण सौरदीप त्यातलं प्रमुख नाव.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडद लोकांसाठी उघडं असतं. अनुजाताई, मुलांना घेऊन या.


अनुजा_सिडको
बुधवार, दुपारी २:१०

नक्की येऊ. पालकांच्या सह्या आतापासून गोळा करते, कारण तेच सगळ्यात अवघड असतं.

एक विचारायचं राहिलं. पुस्तकात वाचलं होतं की अभय अष्टेकर यांच्या सिद्धांतात महास्फोट नसून उसळी आहे. ते यात कुठे बसतं?


सिन्नरफाटा
बुधवार, रात्री ८:५०

अष्टेकर मूळचे शिरपूरचे, तेव्हा खानदेशाने कॉलर ताठ करायला हरकत नाही. त्यांच्या लूप क्वांटम विश्वशास्त्रात अवकाशाला कण असतात. त्यामुळे घनता अनंत होऊच शकत नाही. एका मर्यादेला पोचली की गुरुत्वाकर्षण ढकलू लागतं आणि आकसणारं विश्व उसळतं. आधीचं विश्व होतं इतकंच त्यातून निघतं. पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायलाच हव्यात असं नाही.

याची परीक्षा आकाशाच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्यांवर. कोबीपासून प्लँकपर्यंत सगळ्यांना दिसलंय की अगदी रुंद मापावर कमीजास्तपणा अपेक्षेपेक्षा थोडा फिका आहे. २०२० मध्ये अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उसळीतून असा फिकेपणा निघू शकतो. पण इथे गच्चीवरच्यांच्या धंद्यातली सगळ्यात वाईट अडचण येते.


गच्चीवरचा
बुधवार, रात्री ९:०५

सॅम्पल साइज एक.


सिन्नरफाटा
बुधवार, रात्री ९:१२

तेच! बारीक ठिपके आकाशात लाखो आहेत, सरासरी पक्की येते. सर्वांत रुंद मापावर मोजायला स्वतंत्र आकडे पाचच. त्या पाचांत फिकेपणा आला तर तो नियमाने की योगायोगाने, हे ठरवायला दुसरं आकाश हवं. ते मागवता येत नाही. चांगला उपग्रह सोडूनही फायदा नाही, कारण मोजमाप आधीच अचूक आहे, नमुनाच संपलाय.


शंकासुर
बुधवार, रात्री ११:३०

हे आवडलं नाही, पण पटलं.

माझ्या बाजूने एक भर घालतो, नाहीतर म्हणाल हा नुसता भांडतो. सीएमबीच्या बाहेरही एक गेज आहे. स्टाइनहार्टच्या विश्वात आकुंचन सुरू व्हायचं तर डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा) कायम राहून चालत नाही, तिने विरायला हवं. २०२२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की आजच्या निरीक्षणांना धक्का न लावता प्रवेगी प्रसरण साडेसहा कोटी वर्षांतसुद्धा थांबू शकतं. आणि २०२४-२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या डेसी प्रकल्पाने डार्क एनर्जी बदलत असल्याचे संकेत दिले. पक्कं नाही. पण ती खरोखर काटेकोर स्थिर निघाली तर तेही मॉडेल अडकेल. म्हणजे दोन बाजूंनी पकडता येतं, हे मला मान्य करावं लागेल. पेनरोजला कुठून पकडायचं, ते मात्र अजून कुणी सांगितलं नाही.


त्र्यंबकराव
गुरुवार, सकाळी ६:१५

पेनरोजांना त्यांच्याच मुद्द्यावर पकडा. वर्तुळ केवढं, कुठे, किती, हे नकाशा उघडण्याआधी त्यांनी कागदावर लिहून द्यावं. अठ्ठावीस पत्रिका.


द्राक्षबाग
गुरुवार, रात्री ९:२५

चार दिवस वाचतोय. काल माळ्यावरून जुना पोर्टेबल टीव्ही काढला. छपरावरचा अँटेना गंजलेला, पण आहे. लावला. पोरांनी मुंग्या पहिल्यांदाच पाहिल्या. धाकटीने विचारलं यातली जुनी मुंगी कुठली. मी म्हटलं शंभरातली एक, ओळखून दाखव.


सिन्नरफाटा
गुरुवार, रात्री ९:४०

दादा, अँटेनाची वायर काढून बघा. तरी मुंग्या राहतील, कारण बऱ्याचशा टीव्हीच्या स्वतःच्याच असतात. (माफ करा, सवय.)


द्राक्षबाग
गुरुवार, रात्री ९:५८

काढून बघितली. राहिल्या. धाकटी म्हणते मग आकाशाची कुठली ते कसं कळणार?


गच्चीवरचा
गुरुवार, रात्री १०:३०

तिला घेऊन रविवारी आमच्या गच्चीवर या. बंद पडलेल्या डीटीएचची डिश आणि केबलवाल्याकडचा सॅटफाइंडर आहे, तो सिग्नल वाढला की चिरकतो. रिकाम्या आकाशाकडे धरला की गप्प, भिंतीकडे किंवा माणसाकडे वळवला की ओरडतो, कारण आपण ३०० केल्विनचे आणि आकाश थंड. सूर्याकडे धरला तर कान किटतात. २.७ केल्विन त्यात मोजता येत नाही, ते यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातं. पण आधी भिंत, मग आकाश, मग परत भिंत असं आळीपाळीने धरून फरक मोजायचा, हे तिला कळेल.

अनुजाताई, तुम्हीही या. जिन्यात कबुतरं आहेत, जपून.